लाखेची झिलई : जुन्या लाकडावरच्या एका थराचा इतिहास

दसरा उलटला की घरातल्या जुन्या सामानाचे दिवस पालटतात. भिंतींना रंग, भांड्यांना कल्हई आणि लाकडाला पॉलिश, अशी दिवाळीआधीची कामे एकेकाळी ठरलेली असत. स्टीलने कल्हईवाल्याला घरी बसवले. पॉलिशवाला मात्र टिकला. त्याच्या हातातले सामान तेवढे बदलले. पूर्वी त्याच्या पिशवीत चपडा, स्पिरिट, कापूस आणि मलमलचे फडके असे. आता घासायचे यंत्र, मेलामाइनचे डबे आणि फवारणीचा पंप असतो. हा बदल केवळ सोयीचा आहे असे आपण धरून चालतो. जुन्या लाकडाच्या बाबतीत त्याचा अर्थ फार वेगळा होतो, आणि तो नीट समजून घ्यायचा तर झिलईचाच इतिहास पाहावा लागतो.

गेली काही वर्षे मी वाडे, ग्रंथालये, मुंबईतली मटन स्ट्रीटवरची दुकाने आणि जोगेश्वरी-ओशिवऱ्याची गोदामे अशा ठिकाणी जुने लाकडी सामान पाहत हिंडतो आहे. जुन्या वस्तूविषयी बोलताना लोक लाकूड सांगतात, घाट सांगतात, कोरीवकाम दाखवतात. लाकडावरचा जो थर डोळ्यांना सर्वांत आधी दिसतो आणि बोटांना सर्वांत आधी लागतो, त्याची चौकशी कोणी करत नाही. कागदाच्या जाडीहूनही पातळ असा हा थर असतो. पण वस्तू कोणी, कशी, किती काळ वापरली याची नोंद लाकडापेक्षा त्याच थरात जास्त असते. या लेखाचा विषय तो थर आहे.

किड्याचे देणे

मराठीत आपण ‘लाख’ म्हणतो तो एका किड्याने स्रवलेला राळेसारखा पदार्थ. केरिया लॅका हे त्या किड्याचे शास्त्रीय नाव. पळस, बोर आणि कुसुम ही त्याची मुख्य आश्रयझाडे. मोहरीहूनही लहान असलेली पिल्ले कोवळ्या फांदीवर ओळीने चिकटतात, सोंड आत खुपसून रस शोषतात आणि अंगाभोवती राळ स्रवू लागतात. मादी तिथून पुन्हा हलत नाही. शेजारशेजारच्या मादींची कवचे एकमेकांत मिसळून फांदीभोवती तांबूस पापुद्रा तयार होतो. ही काडीलाख. छोटा नागपूरचे पठार हा या पिकाचा बालेकिल्ला असला, तरी आपल्याकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या पळसवनांतही लाख होते.

काडीलाख फोडून, कुटून, धुतली की दोन गोष्टी हाती येतात. धुवणाच्या पाण्यात लाल रंग उतरतो. बायकांच्या पायांवरचा अळिता तोच. मागे उरतात ते राळेचे दाणे, म्हणजे दाणालाख. हे दाणे कापडाच्या लांबच लांब नळीत भरत. नळी कोळशाच्या भट्टीसमोर धरून एक माणूस पीळ देई, कापडातून लाख वितळून बाहेर पाझरे, आणि दुसरा कारागीर ती ऊन लाख हात, पाय आणि दात यांनी ताणून चादरीएवढा पारदर्शक पापुद्रा करी. तो थंड झाला की मोडून त्याच्या चकत्या करायच्या. हाच चपडा. मिर्झापूर ही या धंद्याची मोठी पेठ होती आणि कलकत्ता हे निर्यातीचे बंदर.

लाखेशी आपली ओळख फार जुनी. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेचे सूक्त आहे. तिथे ती जखम भरून आणणारी आहे. महाभारतातले लाक्षागृह सर्वांना ठाऊक आहे. तिथे ती जाळणारी आहे. पदार्थाचे गुणधर्म पाहिले तर दोन्ही खरे. लाख चिकटते, भेगा बुजवते, आणि ऊब लागली की विरघळते. लाकडावरच्या झिलईसाठी हेच गुण पुढे कामी आले. ‘ऐन-ए-अकबरी’त चिकांना लावायच्या लाखेची मापे आली आहेत : लाल रंग हवा तर चार शेर लाखेला एक शेर हिंगूळ, पिवळा हवा तर तेवढ्याच लाखेला हरताळ. म्हणजे सोळाव्या शतकाअखेर हे काम इतके रुळले होते की बादशाही कारखान्याच्या हिशेबात त्याचे प्रमाण लिहून ठेवावे लागत होते.

गोव्यातले दोन साक्षीदार

युरोपला लाखेची सविस्तर माहिती झाली ती बव्हंशी गोव्यामार्गे. वैद्य गार्सिया द ऑर्टा याने भारतीय औषधींवर लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात लाखेवर स्वतंत्र प्रकरण आहे. लाख झाडाचा डिंक नसून मुंग्यांसारखे जीव ती तयार करतात, असे त्याने नोंदवले. मुंग्यांची गोष्ट चुकली, पण जीव शोधायची दिशा बरोबर होती. त्यानंतर वीस वर्षांनी, १५८३ मध्ये, यान हाउखेन व्हान लिन्स्खोटेन हा डच तरुण गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस म्हणून आला. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात लाखेचे काम प्रत्यक्ष कसे चालते ते आहे. चरकावर फिरणाऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते, मग वाळलेल्या रुंद पातीने दाबून तिला चकाकी आणतात. खाटा, खुर्च्या, घरातल्या कितीतरी वस्तू अशा रंगवतात, असे तो सांगतो.

हे वर्णन वाचताना सावंतवाडीची आठवण यावी. तिथल्या पाळण्यांचे, पाटांचे आणि खेळण्यांचे लाखकाम चरकावर होते ते याच तत्त्वाने. कांडी दाबायची, लाख वितळू द्यायची आणि केवड्याच्या पातीने घासून झिलई आणायची. चारशे वर्षांपूर्वीचा परदेशी चिटणीस जे पाहत होता, ते ओळखायला कोकणातल्या माणसाला टीप लागत नाही. या कामात ब्रश नाही, स्पिरिट नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही. उष्णता आणि दाब एवढ्यावर सगळे चालते. मात्र त्याला चरक लागतो. म्हणजे गोल वस्तूच या पद्धतीने होऊ शकते. खाटेचा खूर होईल, टेबलाचा सपाट माथा होणार नाही.

शब्दही याच वाटेने गेला. संस्कृत लाक्षा, आपली लाख, पोर्तुगीज ‘लाक्रे’, आणि त्यातून इंग्रजी ‘लॅकर’. ‘शेलॅक’ म्हणजे शिंपल्यासारख्या पापुद्र्यांची लाख, अर्थात आपला चपडाच. चीन-जपानचे लॅकर मात्र वेगळे. ते एका झाडाच्या चिकाचे असते. युरोपात दोहोंना एकच नाव पडले आणि तो गोंधळ अजून संपलेला नाही.

परत आलेले ‘फ्रेंच’ पॉलिश

जपानी लॅकरचा चीक युरोपात मिळत नव्हता, पण त्याची हौस अफाट होती. १६८८ मध्ये स्टॉकर आणि पार्कर यांनी इंग्लंडमध्ये वार्निशकामावर पुस्तक छापले. त्यात भारतातून आलेली दाणालाख आणि चपडा मद्यार्कात विरघळवून त्याचे हात मारण्याच्या कृती आहेत. इथे लाखेच्या इतिहासात मोठे वळण आले. आता वितळवण्याऐवजी विरघळवायचे, त्यामुळे चरकाची गरज संपली आणि सपाट फळीही लाखेखाली आली. १७८१ मध्ये जेम्स केर याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लाखेच्या किड्याचे शास्त्रीय वर्णन दिले. किड्याच्या ‘केरिया’ या नावात तोच केर आहे.

तरीही सामान्य इंग्रजी घरातले फर्निचर अजून तेलामेणाचेच होते. प्रसिद्ध फर्निचररचनाकार थॉमस शेरेटन याच्या १८०३ च्या कोशात साध्या कामाची पद्धत अळशीचे तेल आणि विटेची वस्त्रगाळ पूड अशी दिली आहे, मेणाचीही आहे. नेपोलियनचा पराभव झाल्यावर, १८१५ नंतरच्या वर्षांत, फ्रान्सकडून एक नवी रीत इंग्लंडात पसरली. चपड्याचे पातळ द्रावण कापसाच्या बोळ्यात घ्यायचे, वर मऊ फडके गुंडाळायचे, तेलाचा एखादा थेंब लावायचा आणि लाकडावर वर्तुळे, मग इंग्रजी आठाचा आकडा काढत हात फिरवत राहायचा. असे शेकडो हात एकमेकांत विरघळून एकच काचेसारखा थर होतो. हेच फ्रेंच पॉलिश.

त्याच शतकात कृत्रिम रंग आले आणि लाखेचा लाल रंग बाजारातून हद्दपार झाला. तोवर युरोपात किरमिजाला पर्याय म्हणून लाखरंगाला चांगली मागणी होती. रंग गेला, राळ उरली आणि तिचे भाव चढले. शतक संपताना तिला आणखी एक गिऱ्हाईक मिळाले, ग्रामोफोनची तबकडी. बालगंधर्वांची पदे ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर घरोघरी गेली, त्या लाखेच्या होत्या. दिवाणखान्यातल्या तिवईची चकाकी आणि तिच्यावर वाजणारे नाट्यपद ही दोन्ही एकाच किड्याची कमाई होती. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था उभी राहिली, ती या व्यापाराचे मोल ओळखूनच.

मुंबईतले शिसव

आपल्या घरातले जुने लाकडी सामान म्हणजे पाट, चौरंग, पाळणा, बंगई, देव्हारा, फडताळ. यांतल्या बऱ्याच वस्तूंना झिलई अशी करतच नसत. सागाच्या अंगात स्वतःचे तेल असते; हात, पाठ, धूर आणि अधूनमधून लावलेले तेल यांनी त्याला काळसर तकाकी येई. खुर्च्या-टेबलांचे दिवाणखाने आले ते गोऱ्या राजवटींबरोबर. ‘अलमारी’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवी फर्निचरचा मोठा धंदा उभा राहिला. पाठीला, हातांना, पायांना जाळीदार वेलबुट्टी कोरलेल्या त्या काळ्याभोर खुर्च्या-कोच पारशी, गुजराती आणि मराठी श्रीमंतांच्या घरांत दिसत. १८५१ च्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात मुंबईचे हे शिसवी काम मांडले होते. भारतीय कलाकारागिरीवर १८८० मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या जॉर्ज बर्डवूडला त्यात डच वळण दिसले.

असल्या कोरीव कामाला पॉलिश करणे ही सुतारकामाहून वेगळी विद्या ठरली. रंधा, पटाशी चालवणारा एक आणि फडके चालवणारा दुसरा. पॉलिशवाल्यांची आपली भाषा तयार झाली. ‘अस्तर’ म्हणजे खडू, गेरू वगैरे घालून लाकडाची छिद्रे बुजवणे. ‘हात मारणे’ म्हणजे एक थर देणे. ‘फडके अडकले’ म्हणजे मधेच थांबल्यामुळे खालचा थर ओढला गेला. चालत्या फडक्याने लाकडावर टेकायचे आणि चालत्या फडक्यानेच उठायचे, थांबायचे नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम पावसाळ्याचा. हवेतले पाणी स्पिरिटच्या थरात अडकले की पांढरट धुके येते. म्हणून कोकण-मुंबईत आषाढ-श्रावणात जाणता कारागीर फ्रेंच पॉलिशचे काम घेत नसे. पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याचा हंगाम सुरू होई. पॉलिशची सांगड दिवाळीशी बसण्याला सणाइतकेच हवेचेही कारण होते.

हा द्रव किती सर्वसामान्य झाला होता याची एक गमतीची आणि दुःखाचीही साक्ष सरकारी कायद्यात आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातल्या व्याख्यांमध्ये फ्रेंच पॉलिशचे नाव येते. त्यातल्या स्पिरिटवर तहान भागवणारे लोक होते, म्हणून सुताराच्या बाटलीवरही कायद्याला नजर ठेवावी लागली.

मेणाची कामगिरी

लाखेच्या जोडीचा दुसरा पदार्थ म्हणजे पोळ्याचे मेण. लाख थर देते. मेण त्या थराची राखण करते. मधमाशांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते. ते किसून, गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पातळ करून, आचेपासून दूर नेऊन त्यात दुप्पट-अडीचपट टर्पेंटाइन मिसळले की थंड झाल्यावर लोण्यासारखा लेप होतो. आच आणि टर्पेंटाइन यांची गाठ पडू द्यायची नाही, हे इथे पुन्हा सांगितलेले बरे. लेप बोटावर येईल इतकाच घ्यायचा, पातळ पसरायचा, टर्पेंटाइन उडून जाऊ द्यायचे आणि मग लोकरीच्या किंवा सुती मऊ कापडाने घासायचे. चकाकी येते ती घासण्याने. मेण जास्त लावले की चकाकी वाढत नाही. चिकटपणा वाढतो आणि धूळ बसते.

मेणाचा थर फार मजबूत नसतो. म्हणूनच तो उपयोगी. ओरखडा आधी मेणावर उठतो, लाखेपर्यंत पोचत नाही. आणि मेण वर्षा-दोन वर्षांनी टर्पेंटाइनने पुसून पुन्हा लावता येते. ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात खनिज तेलापासूनचे सूक्ष्मस्फटिकी मेण वापरून संग्रहालयांसाठी खास लेप तयार झाला. कारण पोळ्याच्या मेणात थोडे आम्ल असते आणि धातूंना ते बाधते. पण तत्त्व तेच : जाणारा थर वर ठेवा, राहणारा थर खाली.

‘लाकडाला तेल पाजावे लागते’ ही समजूत मात्र जपून घ्यायला हवी. जुने वाळलेले लाकूड तहानलेले नसते. अळशीचे तेल त्यावर पुन्हापुन्हा चोळले तर ते हवेने घट्ट होते, काळे पडते, धूळ धरते, आणि पुढे कशातही विरघळत नाही. पाश्चात्त्य संग्रहालयांतही एकेकाळी तेल, टर्पेंटाइन आणि व्हिनेगर यांचे मिश्रण सर्रास वापरत; त्याचे काळे थर काढता काढता पुढच्या पिढीची पुरेवाट झाली आणि ती कृती सोडून देण्यात आली. शिवाय अळशीच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात.

एक बैठे डेस्क

थर वाचणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. सातारा जिल्ह्यातल्या एका घरात मला शिसवी बैठे डेस्क पाहायला मिळाले. जमिनीवर मांडी घालून लिहायचे, उतरत्या झाकणाचे, कुलकर्णी-कारकुनांच्या वापरातले. घरात लग्न होते आणि ते ‘नव्यासारखे’ करून घ्यायचे ठरले होते. पॉलिशवाल्याचे यंत्र येण्याआधी मला दोन दिवस मिळाले.

कुलपाची पितळी पट्टी सोडवली तर तिच्याखाली मूळ झिलई जशीच्या तशी होती. नारिंगी झाक असलेली, पातळ. कापसाच्या काडीवर स्पिरिटचा थेंब घेऊन कडेला टेकवला. क्षणात चिकट झाले, म्हणजे लाख. रात्री अतिनील दिवा धरला तेव्हा सबंध झाकण नारिंगी उजळले; जुना चपडा या प्रकाशात असाच दिसतो. त्या नारिंगी पटावर काळी बेटे दिसत होती. उजव्या हाताला शाईचे डाग होते. डाव्या कोपऱ्यात समईच्या बुडाएवढे तेलाचे वर्तुळ होते. झाकणाच्या वरच्या कडेशी लाल लाखेचे सात-आठ थेंब गोठलेले होते. पाकिटांवर मोहोर लावताना पडलेले. मधल्या भागात, जिथे मनगट टेकते, तिथे झिलई पूर्ण झिजून लाकूड उघडे पडले होते आणि तेच घामाने गुळगुळीत झाले होते. लिहिणारा उजवा होता, दिवा डावीकडे ठेवत होता, रात्री काम करत होता आणि त्याच्या हातून मोहोरबंद कागद जात होते. घरात त्याच्याविषयी एकही कागद उरलेला नव्हता. त्याची एवढीच चरित्रसामग्री, आणि ती सगळी कागदाहून पातळ थरात.

यंत्राने ते काम अर्ध्या तासात पुसले असते. घरच्यांना मी दिव्याखाली झाकण दाखवले. नवरदेवाच्या आजीने थेंब मोजले आणि म्हणाली, “हे राहू देत. बाकीचं चमकवा.” मग एका वयस्क कारागिराला बोलावले. त्याने आधी कापूस किंचित ओला करून मळ काढला. संग्रहालयातले तज्ज्ञ यासाठी चक्क थुंकी वापरतात, कारण लाळेतली विकरे हातांचा तेलकट मळ सोडवतात आणि लाखेला धक्का लावत नाहीत. नंतर झिजलेल्या भागाच्या कडेने चपड्याचे अगदी पातळ हात दिले. नवा चपडा जुन्यात विरघळून सांधा नाहीसा झाला. मनगटाची जागा त्याने तशीच सोडली. शेवटी मेण. लग्नात डेस्क मांडले होते आणि ते चमकत होते.

भर घालणे आणि पुसून टाकणे

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. वस्तू ज्याच्या घरात आहे त्याला ती वापरायची आहे. घर म्हणजे संग्रहालय नव्हे. जुने आहे तसेच, धुरकट, खरडलेले ठेवा, हा उपदेश आपल्या परंपरेलाही धरून नाही. आपण देवाच्या मूर्तीला वज्रलेप करतो, शेंदूर चढवतो, पालखीला दरवर्षी नवी झूल घालतो. नूतनीकरण हीच आपली जतनाची रीत. ‘इन्टॅक’ने २००४ मध्ये असंरक्षित वारशासाठी जी सनद काढली, तिच्यातही जिवंत परंपरा आणि कारागिरांचे ज्ञान यांना मान दिला आहे, तो याचसाठी.

हा आक्षेप मला मान्य आहे आणि माझा मुद्दाही त्यातूनच निघतो. जुनी पद्धत नूतनीकरणाचीच होती. दर पाच-दहा वर्षांनी, मुंजीला, लग्नाला पॉलिशवाला येई आणि हात मारून जाई. पण लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून प्रत्येक नवा हात जुन्यात मिसळे. आजोबांच्या वेळचा थर वडिलांच्या थरात शिल्लक राही. नवे करण्यासाठी जुने काढावे लागत नव्हते. शेंदराचेही असेच असते. तो चढत जातो.

मेलामाइन आणि पॉलियुरेथेन यांची रासायनिक जातकुळी वेगळी आहे. ते वाळताना त्यांचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे विणले जातात. त्यामुळे गरम कप, सांडलेले पाणी यांना ते दाद देत नाहीत. लाख मात्र पाण्याने पांढरी पडते आणि उष्णतेने मऊ होते. नव्या जेवणाच्या टेबलाला मेलामाइन लावण्यात काहीच गैर नाही. जुन्या वस्तूवर ते बसवायचे तर आधीचे सगळे खरवडून लाकूड कोरे करावे लागते. पुढे नव्या थराला चरा गेला तर तेवढाच भाग जोडता येत नाही. पुन्हा सगळे खरवडायचे. प्रत्येक वेळी काचकागदाबरोबर लाकडाचाही एक पापुद्रा जातो. शिसवी कोरीवकामाच्या कडा बोथट होतात, पाकळ्यांच्या शिरा जातात, पातळ पत्र्याचे शिसव बसवलेले असेल तर खालचे साधे लाकूड डोकावते. कारागिराने मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेल्या खुणा, लिलावाचे आकडे, मालकाचे नाव यांचे काय होते, ते सांगायला नको.

यात पॉलिशवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. फ्रेंच पॉलिशला आठ-दहा दिवस लागतात, फवारणीला दोन. दर मात्र चौरस फुटाचा असतो, दिवसांचा नसतो. हळू काम करणाऱ्याला आपण कमी पैसे देतो आणि मग जुने कसब संपले म्हणून हळहळतो. ज्या कारागिराने ते डेस्क केले, त्याची मुले या धंद्यात नाहीत. त्याला स्पिरिटची पातळी वासावरून कळते, फडके किती ओले आहे ते गालाला लावून कळते. ही माहिती कुठे लिहिलेली नाही.

घरच्या घरी

ज्यांच्या घरात आजोबा-पणजोबांच्या काळची एखादी खुर्ची, कपाट किंवा डेस्क आहे, त्यांनी या दिवाळीत काम काढण्यापूर्वी थोडी पाहणी करावी. न दिसणारी जागा निवडावी. खणाची आतली कड किंवा कुलपाच्या पट्टीचा आडोसा. कापसाच्या काडीवर टर्पेंटाइन लावून पुसावे. काडीवर पिवळसर मळ आला तर वर मेण आहे. मग त्याच जागी स्पिरिटचा थेंब टेकवावा. मिनिटाभरात चिकट झाले तर लाख आहे, आणि मग खरवडण्याचे कारण उरत नाही. काहीच झाले नाही तर कोणीतरी आधीच मेलामाइन किंवा तत्सम काही चढवलेले असेल.

लाख असेल तर नुसती धूळ काढून, ओलसर कापसाने मळ पुसून आणि मेणाचा एक पातळ हात देऊन पाहावे. दहातील सात वस्तूंना एवढे पुरते, असा माझा पाहणीतला अनुभव आहे. सिलिकोन असलेले चकाकीचे फवारे टाळावेत. ते लाकडात मुरतात आणि पुढे लाखेचा हात नीट बसू देत नाहीत, जागोजागी माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात. झिलई खरोखरच गेली असेल तर चपड्याचे काम जाणणारा कारागीर शोधावा आणि त्याच्याशी बोली दिवसांवर ठरवावी. काम सुरू होण्याआधी चारही बाजूंची, आतली आणि तळाची छायाचित्रे काढून ठेवावीत. आणि डाग दिसला की तो काढायला सांगण्यापूर्वी कशाचा आहे ते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारावे. पुष्कळदा उत्तर मिळते. आणि ते ऐकल्यावर डाग काढायचा की ठेवायचा, याचा निर्णय बदलतो.